कर्नेल-प्राचलांची ग्राह्यता-तपासणी

कर्नेल-प्राचलांची ग्राह्यता-तपासणी : संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा जो कर्नेल, त्याचे वर्तन ठरविणारी मूल्ये स्वीकारण्यापूर्वी त्यांचा प्रकार, मर्यादा, परस्परसंगती आणि ती देणाऱ्याचा अखत्यार यांची शहानिशा करण्याची पद्धती. सामान्य प्रोग्रॅम चुकला तर तो एकटाच बंद पडतो. परंतु स्मृती, प्रक्रिया व उपकरणे या सर्वांचा कारभार कर्नेलकडे असल्यामुळे त्यात शिरलेले एक अवास्तव मूल्य समग्र यंत्रणा ठप्प करू शकते.

लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेल्या लिनक्स या कर्नेलमध्ये ही तपासणी तीन प्रसंगी होते. कर्नेलची बांधणी होताना केकॉन्फिग ही व्यवस्था पर्यायांचे परस्परावलंबन व संख्यांची कक्षा पाहते. यंत्र सुरू होताना आदेशपंक्तीतील प्राचले वाचली जातात. त्यांतील अपरिचित प्राचल कर्नेल नाकारीत नाही, तर इनिट या पहिल्या प्रक्रियेच्या हवाली करतो, आणि त्यामुळे अक्षरलेखनातील चूक सहज नजरेआड होते. यंत्र चालू असताना प्रशासकाने लिहिलेले मूल्य प्रथम संख्येत रूपांतरित होते व मग ठरलेल्या किमान-कमाल मर्यादांशी ताडले जाते.

या मर्यादा प्राचलागणिक भिन्न असतात. स्मृतीतील मजकूर डिस्कवर हलविण्याची प्रवृत्ती दर्शविणाऱ्या ‘स्वॅपीनेस’ची कमाल मर्यादा १०० होती, ती २०२० मध्ये २०० झाली. मॉड्यूल (कर्नेलचे जोडभाग) जोडणे-काढणे बंद करणारे ‘मॉड्यूल्स-डिसेबल्ड’ हे प्राचल एकदा १ केले, की यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत त्याला ० करण्याची मुभा कोणासही, अगदी सर्वाधिकारी प्रशासकासही, राहत नाही.

मर्यादेबाहेरचे मूल्य नामंजूर करताना पूर्वीचे मूल्य अबाधित ठेवून २२ क्रमांकाची (‘अवैध मूल्य’ ही) त्रुटी कळविणे, हा या पद्धतीतील सर्वांत मोलाचा दंडक होय. कारण चुकीचा हुकूम परस्पर दुरुस्त करून घेतला, तर लिहिणाऱ्याची समजूत आणि यंत्राची स्थिती यांत अंतर पडते. संख्येमागील निरर्थक अक्षरांकडे दुर्लक्ष करणारी जुनी रूपांतर-फलने त्याज्य ठरली, तीही याच विचाराने.

जगातील अग्रगण्य ५०० महासंगणकांच्या यादीतील सर्व यंत्रे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात. पुण्याच्या सी-डॅकमधील परम सिद्धी-एआय हा महासंगणक याच मालिकेतील २०२० च्या यादीत ६३ व्या स्थानी होता. एवढ्या विस्तारातही तपासणीचा अधिकार ग्राह्यतेपुरताच आहे : स्वॅपीनेसचे २०० हे मूल्य मर्यादेत बसते, पण एखाद्या विशिष्ट यंत्रास ते हितावह आहे की नाही, हा निर्णय प्रशासकाच्या विवेकाकडेच राहतो.