खुडूक कोंबडी की उबवणी यंत्र?

कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर येण्यास सुमारे 21 दिवस लागतात. मग ऊब कोंबडीची असो वा यंत्राची. गावरान खुडूक कोंबडीखाली 10 ते 12 अंडी मावतात. ती अंडी स्वतःच फिरवते, मात्र या काळात तिचे अंडी घालणे थांबते. व्हाइट लेगहॉर्नमध्ये खुडूकपणा जवळजवळ उरलेलाच नाही. तिच्या अंड्यांना यंत्राची अथवा गावरान कोंबडीची उसनी ऊबच हवी.

पंखा असलेल्या यंत्रात तापमान सुमारे 37.5 अंश सेल्सिअस राखावे. अंडी 18व्या दिवसापर्यंत फिरवावीत, त्यानंतर आर्द्रता वाढवावी. अल्पकाळचा गारवा गर्भ एकवेळ सोसतो, अतिउष्णता मात्र सोसत नाही. वीज बेभरवशाची असल्यास डझनभर अंड्यांसाठी खुडूक कोंबडीच बरी. यंत्रातील पिल्लांना पुढेही बल्बची ऊब लागते; पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश.