गुडघेदुखीचा रक्तमार्ग

गुडघा झिजतो म्हणून दुखतो, हे इतकं सरळ वाटतं की त्यातली गोम चटकन लक्षात येत नाही. झिजते ती कूर्चा, आणि कूर्चेत मज्जातंतूही नसतात नि रक्तवाहिन्याही. तिला स्वतःला दुखणारच नाही. एक्स-रेमध्ये सांध्याची पार वाट लागलेली दिसणारा एखादा खुशाल जिने चढतो, आणि जेमतेम झीज असलेला रात्रभर कण्हतो. अस्थिरोगतज्ज्ञांना हे कोडं जुनंच.

त्याचा एक धागा सापडला टाचेत. स्वीडनमधल्या उमेओच्या हाकान आल्फ्रेडसन आणि लार्श ओबर्ग यांनी टाचेमागची अकिलीस कंडरा कलर डॉप्लर सोनोग्राफीवर तपासली. जुनाट दुखण्यात तिथे नव्यानं फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या दिसत. अशा वाहिन्यांच्या सोबतीनं मज्जातंतूही वाढतात. २००२ साली त्यांनी १० रुग्णांच्या या वाहिन्यांत पॉलिडोकॅनॉल टोचलं. पायावरच्या फुगलेल्या शिरा बुजवायला वापरतात तेच हे औषध. ८ जण समाधानी झाले.

अशाच वाहिन्या बुजवायला जपानचे डॉक्टर युजी ओकुनो यांनी मात्र वाट धरली ती धमनीच्या आतून. ही वाट नवी नव्हती. १९५३ मध्ये स्वीडनच्याच सेल्डिंगर यांनी सुई आणि तारेच्या आधारानं धमनीत नळी सरकवण्याची युक्ती दिली होती. पुढे अमेरिकेत चार्ल्स डॉटर यांनी आतून रक्तस्राव थांबवण्यासाठीही ती वापरली. कृत्रिम सांधा बसवलेल्या गुडघ्यात पुनःपुन्हा रक्त साचलं, तर तिथल्या धमन्या बुजवण्याचा उपायही ओकुनोंच्या आधीपासून होता. रक्तस्राव नसलेल्या, नुसत्या दुखणाऱ्या सांध्यात तो करून पाहणं, हे धाडस ओकुनोंचं.

बुजवायला त्यांनी घेतलं काय, तर इमिपेनेम-सिलास्टॅटिन हे प्रतिजैविक! अँजिओग्राफीच्या द्रवात ते नीट विरघळत नाही. त्याचे सूक्ष्म कण तरंगत राहतात. ते बारीक वाहिन्यांत अडकतात आणि यथावकाश विरघळूनही जातात. एखादा कण निरोगी वाहिनीत गेलाच, तरी तिथली अडवणूक कायमची राहत नाही. निवड मोठी चतुर म्हणायची. २०१३ मध्ये ७ जणांच्या कंडरांच्या दुखण्यावरचे निष्कर्ष छापून आले. मग पाळी गुडघ्याची. त्या पहिल्या १४ रुग्णांपैकी ११ जणांना हे प्रतिजैविक दिलं, ३ जणांना ७५ मायक्रॉनचे कृत्रिम मणी. वेदना कमी झाल्याचं दिसलं, आणि ही पद्धत अमेरिका-युरोपात पोचली.

पण या अभ्यासांत तुलनेला दुसरा गटच नव्हता, आणि गुडघेदुखी तर आपोआपही कमी-जास्त होते. अमेरिकेत २१ रुग्णांवर लुटुपुटूच्या उपचाराशी तुलना झाली, तेव्हा पारडं खऱ्या उपचाराकडे झुकलं. रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी ५८ रुग्ण घेतले. काहींच्या धमन्या बुजवल्या, काहींना तसा नुसता भास करून दिला. चार महिन्यांनी पाहिलं तर दोन्ही गटांचं दुखणं कमी झालेलं, आणि त्यांच्यात सांगण्याजोगा फरक नाही.