मांडीवरची गिटार

आपल्या दशावतारात हार्मोनियम, मृदंग आणि झांज वाजते. यांपैकी हार्मोनियम मूळची युरोपातली, हे आज कोणाच्या ध्यानातही येत नाही. जी वस्तू आपल्या कामास आली, ती आपली झाली. तथापि तिच्यात एक उणीव राहिलीच. एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, ज्यास आपण मींड म्हणतो, ते तिला साधत नाही. ऑल इंडिया रेडिओने 1940 साली तिच्यावर बंदी घातली, त्यामागे हाही एक आक्षेप होता. आणि ती बंदी सुमारे तीस वर्षे टिकली.

गिटारची अडचणही याच जातीची. तिच्या मानेवर धातूचे आडवे पडदे असतात. बोट ज्या पडद्यामागे दाबावे, तेवढाच स्वर निघतो. तेरेखोलपलीकडे गोव्यात हे वाद्य जुन्या ओळखीचे आहे. पण तेथेही तिचे काम मुख्यतः गाणाऱ्यास साथ देण्याचे. या साथीदारणीला पुढे बसवून तिच्याकडून राग वाजवून घेतला, ते हात कोणाचे?

युक्ती तशी सोपी आहे. गिटार छातीशी न धरता मांडीवर आडवी ठेवावयाची, तारा पडद्यांपासून उंच उचलावयाच्या, आणि डाव्या हाताच्या बोटांनी त्या न दाबता त्यांवरून पोलादाची लहान कांब सरकवावयाची. पडदे मग नावापुरते उरतात, व तार गळ्यासारखी गाऊ लागते.

हिचे श्रेय सामान्यतः हवाई बेटांतील जोसेफ केकुकू यास देतात. त्याचा जन्म 1874 चा. होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेत शिकत असता, 1889 च्या सुमारास, त्याने प्रथम हाताशी आलेले धातूचे तुकडे तारांवर फिरवून पाहिले, आणि पुढे शाळेच्याच कारखान्यात आपल्या मापाची कांब घडविली, असे सांगतात. म्हणजे ही कला एका कारागीर पोराच्या कामाच्या बाकावर जन्मली. 1904 साली तो अमेरिकेस गेला, पुढे युरोपात फिरला, आणि 1932 साली परमुलखातच वारला.

परंतु दुसरीही एक हकीकत आहे. हवाईचे संगीतकार चार्ल्स किंग यांनी गेब्रियल डेव्हियन नावाच्या तरुणास 1884 साली अशीच गिटार वाजविताना पाहिल्याची आठवण नमूद केली आहे. हा तरुण हिंदुस्थानात जन्मलेला. एका जहाजाच्या कप्तानाने त्यास पळवून तेथे नेले होते, असे म्हणत. ज्या किनाऱ्यावरून हजारो माणसे खलाशी म्हणून आगबोटींवर गेली, तेथील श्रोत्यांच्या कानाला ही गोष्ट गोड लागेल. आपल्याकडे विचित्र वीणेवर बट्टा पूर्वीपासून फिरत होताच! तरीही घाईने हक्क सांगू नये. एकाच यंत्रावर तीन पाळ्यांचे कामगार राबतात. उत्पादन कोणा एकाचे नसते.

पुढची पाळी टाऊ मो याची. हा सामोआ बेटात जन्मलेला वादक 1929 च्या सुमारास एका पथकाबरोबर आशियाच्या दौऱ्यावर आला, आणि 1940 च्या दशकात काही वर्षे सहकुटुंब कलकत्त्यास राहिला. तेथे त्याने शिष्य तयार केले. पुढे हजारा सिंग, व्हॅन शिपले, सुनील गांगुली यांच्या चित्रपटगीतांच्या तबकड्यांनी ही गिटार मध्यमवर्गीय घरात पोहोचविली.

अभिजात संगीताचे दार उघडले ते जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रा यांनी. ते उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य. गिटारवर राग मावेल काय, या शंकेला त्यांनी वादाने नव्हे, रियाजाने उत्तर दिले. वाद्यात चिकारीची तार चढविली, आणि आलाप, जोड, झाला यांसाठी हात बसविला. 1967 साली निघालेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीत शिवकुमार शर्मांचे संतूर व हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या बरोबरीने त्यांची गिटार आहे. 2018 साली ते निवर्तले. जयपूरच्या विश्वमोहन भट्ट यांनी पुढे गिटारला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडविली, आणि अमेरिकन वादक राय कूडर यांच्यासमवेतच्या ध्वनिमुद्रणास 1994 साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

आता मुद्द्याचे बोलतो. ‘कॉल ऑफ द व्हॅली’चे नाव निघाले की आपण तीन नावे घेतो, तबल्यावर माणिकराव पोपटकर होते, हे किती जणांस आठवते? मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत तर शेकडो वादकांनी जन्म काढला, पण पडद्यावर संगीतकाराचे नाव झळकले आणि वाजविणारे हात अंधारात राहिले. 1950 च्या दशकात त्यांनी सिने म्युझिशियन्स असोसिएशन उभारली. संघटनेने मजुरीसाठी भांडता येते. नावासाठी मात्र ऐकणारानेच भांडावे लागते, कारण मजुरी मालक देतो आणि नाव समाज देतो.

दशावतारी नाटकाच्या जाहिरातीत नटांबरोबर हार्मोनियम, मृदंग आणि झांज वाजविणारांचीही नावे छापण्याची आपल्याकडे रीत आहे. ती साधी रीत मला फार मोलाची वाटते. ती मोडू देऊ नका. आणि घरी तबकडी लावाल, तेव्हाही तीच पाळा.