गंगा-यमुनेचे पाणी आणि हँकिनचा निबंध : एका रूढ विधानाची तपासणी

जीवाणुभक्षक विषाणूंचा इतिहास सांगताना आपल्याकडे बहुधा आग्र्यापासून प्रारंभ केला जातो. अर्नेस्ट हॅनबरी हँकिन या ब्रिटिश जीवाणुशास्त्रज्ञाने इ.स. १८९६ मध्ये गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जीवाणू मारणारा विषाणू शोधला, असे हे विधान. प्रस्तुत लेखात त्याची तपासणी करावयाची आहे.

हँकिन हा सरकारी रासायनिक परीक्षक असून त्याची प्रयोगशाळा आग्रा येथे होती. त्याचा फ्रेंच निबंध पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या नद्यांच्या पाण्यात पटकीचे जीवाणू काही तासांत मरतात, विहिरीच्या पाण्यात मात्र तसे होत नाही, असे त्याला आढळले. बारीक गाळणीतून गाळलेल्या पाण्यातही हा गुण राही. उघड्यावर उकळल्यास तो नाहीसा होई. येथपर्यंतचे वर्णन विषाणूला लागू पडते. परंतु बंद नळीत तापविलेल्या पाण्यात तो गुण टिकून राहतो, हेही हँकिनने नोंदविले आणि म्हणूनच त्याने बाष्पनशील पदार्थाचे अनुमान केले. अशा उष्णतेत विषाणू टिकून राहणे संभवत नाही. निबंधाचा दाखला देणारे नेमका हाच भाग गाळतात.

या वाचनाचे मूळ उत्तरकाळात आहे. फ्रेडरिक ट्वॉर्टचे निरीक्षण १९१५ चे. 'बॅक्टेरियोफाज' हे नाव फेलिक्स द'हेरेलने १९१७ मध्ये दिले आणि १९२७ मध्ये तो पटकीवरील प्रयोगांसाठी भारतात आला. त्यानंतरचे ज्ञान १८९६ च्या निबंधावर आरोपित झाले. त्यापूर्वीच मार्क ट्वेनने १८९७ च्या प्रवासवर्णनात आग्र्याच्या प्रयोगांची वार्ता जगभर पोहोचविली होती. २०११ मध्ये निबंधाचा इंग्रजी अनुवाद चर्चेसह प्रसिद्ध झाला, तरी जुने विधान अद्याप पुनरुक्त होतेच.

नदीत असे विषाणू नसतात, असा याचा अर्थ नव्हे. ते विपुल असतात; पण जेथे त्यांचे भक्ष्य तेथेच, म्हणजे सांडपाण्यातही. त्यांच्या विपुलतेस पाण्याच्या शुद्धतेचे प्रमाणपत्र मानणे हे तर उलटे तर्कशास्त्र होय.

हँकिनने नदीच्या या गुणावर आपली पटकी-प्रतिबंधाची योजना उभारली नाही. विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकून पाणी निर्जंतुक करण्याच्या पद्धतीचा त्याने हिंदुस्थानात पुरस्कार केला.