यकृत कार्य चाचणी : बालकांमधील

बालकाच्या रक्तातील बिलिरुबिन हे पित्तरंगद्रव्य, काही विकरे (एंझाइमे) आणि प्रथिने एकाच नमुन्यात मोजून यकृताच्या स्थितीचा अंदाज देणारा तपासण्यांचा संच. रुग्णालयांत तो ‘एलएफटी’ या नावाने ओळखला जातो. बिलिरुबिन, एसजीओटी म्हणजेच एएसटी, एसजीपीटी म्हणजेच एएलटी, अल्कलाइन फॉस्फेटेज, एकूण प्रथिने, अल्ब्युमिन व ग्लोब्युलिन ही त्यातील नेहमीची मोजमापे असून जीजीटी हे विकर काही प्रयोगशाळांत वेगळे मागवावे लागते. यांतील विकरे यकृताचे काम प्रत्यक्ष मोजत नाहीत; यकृतपेशींना किंवा पित्तमार्गाला इजा झाल्यावर ती रक्तात अधिक प्रमाणात उतरतात एवढेच त्यांवरून कळते. यकृत आपले काम कितपत करीत आहे हे अल्ब्युमिनवरून आणि त्याहून लवकर रक्त गोठण्याच्या काळावरून समजते. तो काळ मोजणारी प्रोथ्रॉम्बिन टाइम ही तपासणी बहुतेक संचांत नसते आणि गंभीर आजारी बालकाच्या बाबतीत ती आवर्जून सांगून करून घ्यावी लागते.

अहवालात आकड्यांशेजारी छापलेली ‘सामान्य मर्यादा’ पुष्कळदा प्रौढांची असते, आणि पालकांच्या काळजीचे मोठे कारण इथेच असते. अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर यकृताइतकेच वाढत्या हाडांतूनही येते. त्यामुळे प्रौढांत ते लिटरमागे साधारण १२० एककांपर्यंत असते, तर तान्ह्या बाळात आणि वयात येणाऱ्या मुलामुलींत ३०० ते ४०० एककेही स्वाभाविक ठरतात. पाच वर्षांखालील निरोगी बालकांत एखाद्या किरकोळ संसर्गानंतर ते अचानक कित्येक पटींनी वाढून काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप उतरल्याचेही आढळते. मुडदूस झालेल्या मुलातही ते वाढते. वाढीचे मूळ हाडांत आहे की पित्तमार्गात, हे ठरवण्यास जीजीटी उपयोगी पडते, कारण ते हाडांत नसते. मात्र जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत जीजीटीही स्वभावतःच जास्त असल्याने तेथेही वयाप्रमाणेच वाचन करावे लागते.

एसजीपीटी प्रामुख्याने यकृतपेशींत असते; एसजीओटी मात्र स्नायू, हृदय, मूत्रपिंड व तांबड्या पेशी यांतही असते. म्हणून रक्त काढताना बाळ फार रडले, सुई नीट लागली नाही आणि नमुन्यातील तांबड्या पेशी फुटल्या, तर एकटे एसजीओटी वाढलेले दिसते. अशा वेळी नमुना पुन्हा घेणे हाच उपाय असतो. दुसऱ्या बाजूला, अनेक प्रयोगशाळा एसजीपीटीची वरची मर्यादा ४० एककांच्या आसपास धरतात, तर अमेरिकेतील निरोगी मुलांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती मुलांसाठी सुमारे २६ आणि मुलींसाठी सुमारे २२ एकके आढळली. परिणामी, स्थूल मुलांतील मेदयुक्त यकृताची सुरुवात ‘सामान्य’ शिक्क्याखाली निसटू शकते. याउलट दोन्ही विकरे दीर्घकाळ वाढलेली, पण बिलिरुबिन व जीजीटी सामान्य, आणि मुलगा उशिरा चालू लागलेला किंवा जिना चढताना अडखळणारा असेल, तर दोष यकृतात नसून स्नायूंत असण्याची दाट शक्यता असते. डुशेन स्नायुक्षयाच्या कित्येक मुलांचा तपास आधी यकृतविकार म्हणूनच सुरू होतो. क्रिएटिन कायनेज ही एकच साधी रक्ततपासणी वेळीच केली, तर यकृताच्या बायोप्सीपर्यंतचा खडतर प्रवास टळतो.

या संचातील सर्वांत निकडीचे वाचन दोन आठवड्यांपुढील बाळाच्या काविळीचे आहे. तांबड्या पेशींच्या विघटनातून बनणारे बिलिरुबिन प्रथम पाण्यात न विरघळणाऱ्या रूपात असते. यकृत त्याचा ग्लुक्युरॉनिक आम्लाशी संयोग करून ते विद्राव्य करते आणि पित्तावाटे आतड्यात सोडते. विद्राव्य रूप प्रयोगशाळेतील अभिकर्मकाशी लगेच प्रक्रिया करते म्हणून त्यास ‘डायरेक्ट’, तर दुसऱ्यास अल्कोहोलची मदत लागते म्हणून ‘इनडायरेक्ट’ म्हणतात. नवजात बाळांपैकी निम्म्याहून अधिकांना पहिल्या आठवड्यात होणारी कावीळ इनडायरेक्ट प्रकारची असते आणि बहुधा निरुपद्रवी ठरते, मात्र तिचे प्रमाण फार वाढले तर मेंदूस इजा होऊ शकते, म्हणून प्रकाशोपचार दिले जातात. अंगावरच्या दुधाशी संबंधित कावीळही इनडायरेक्टच असते, ती काही आठवडे टिकू शकते आणि तिच्यासाठी स्तनपान थांबवण्याचे कारण नसते. डायरेक्ट बिलिरुबिन मात्र डेसिलिटरमागे १ मिलिग्रॅमहून जास्त असेल, तर ते कोणत्याही वयात आजाराचेच लक्षण मानून त्याचे कारण शोधावे लागते.

या कारणांत पित्तनलिकारोध (बिलिअरी अ‍ॅट्रेसिया) सर्वांत घाईचा आहे. यात यकृताबाहेरील पित्तनलिका आक्रसून बंद होत जातात. बाळ दूध चांगले पिते, वजनही बरे भरते, त्यामुळे घरात कोणालाच शंका येत नाही. खूण असते ती लंगोटात : एरवी जवळजवळ रंगहीन असणारी लघवी कापडावर गडद पिवळा डाग सोडते, आणि शौच पिवळी न होता पांढुरकी, मातकट रंगाची होते. जपानमधील सेंदाईचे शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात विकसित केलेली शस्त्रक्रिया, जिच्यात आतड्याचा भाग थेट यकृताच्या द्वाराशी जोडतात, साठाव्या दिवसाच्या आत झाली तर पित्तप्रवाह सुरू होण्याची शक्यता बरीच अधिक असते. उशीर होईल तसतशी ती घटते आणि यकृत प्रत्यारोपणाची वेळ येते. महाराष्ट्रातील घरांत बाळाला कोवळ्या उन्हात धरण्याची चाल आहे, पण प्रकाशाचा परिणाम इनडायरेक्ट बिलिरुबिनवरच होतो, बंद पित्तनलिकेवर नव्हे. ऊन देत किंवा गळ्यात काविळीची माळ घालून वाट पाहण्यात गेलेले दोन-तीन आठवडे अशा बाळाच्या यकृताला परत मिळत नाहीत, म्हणून चौदा दिवसांपुढे टिकलेल्या प्रत्येक काविळीत डायरेक्ट बिलिरुबिन मोजलेच पाहिजे. तैवानमध्ये २००४ पासून देशभर वापरात असलेले शौचाच्या रंगांचे कार्ड पांढुरकी शौच वेळीच ओळखता यावी म्हणून पालकांच्या हाती दिले जाते.

शाळकरी वयातील अचानक आलेल्या काविळीचे भारतातील नेहमीचे कारण म्हणजे दूषित पाणी व अन्न यांतून पसरणारा हिपॅटायटिस ए. त्यात एसजीपीटी हजाराच्या पुढे जाते आणि तो आकडा पाहून पालक हादरतात. तरीही बहुसंख्य मुले काही आठवड्यांत पूर्ण बरी होतात, कारण विकरांची उंची रोगाचे भवितव्य सांगत नाही. भवितव्य सांगतो तो प्रोथ्रॉम्बिन टाइम व त्यावरून काढलेला आयएनआर हा गुणांक. गोठणघटक यकृतात बनतात आणि त्यांतील सातवा घटक काही तासांतच निम्मा होतो, तर अल्ब्युमिनला निम्मे होण्यास सुमारे वीस दिवस लागतात; म्हणून तीव्र आजारात अल्ब्युमिन सामान्य असूनही यकृत निकामी होत असू शकते. के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिल्यावर आयएनआर सुधारला, तर दोष पित्ताअभावी जीवनसत्त्व न शोषले जाण्यात होता असे समजतात; पण तो न सुधारता १.५ किंवा अधिक राहून मुलाच्या शुद्धीवर परिणाम झाला, किंवा शुद्ध असतानाही २ वर गेला, तर ती तीव्र यकृतनिष्कार्यता समजली जाते. अशा मुलाची एसजीपीटी झपाट्याने उतरू लागते, घरच्यांना हायसे वाटते, पण त्याच वेळी बिलिरुबिन व आयएनआर चढत असतील, तर फुटायला पेशीच उरलेल्या नाहीत असा त्याचा अर्थ असतो. पावसाळ्यात डेंग्यूच्या रुग्णांत एसजीओटी हे एसजीपीटीहून जास्त वाढलेले आढळते.

सहा महिन्यांहून अधिक काळ विकरे वाढलेली राहिल्यास हिपॅटायटिस बी व सी, स्वप्रतिकारक यकृतशोथ, गव्हातील ग्लूटेनमुळे होणारा सीलिअ‍ॅक रोग आणि, विशेषतः पाच वर्षांपुढील मुलांत, शरीरात तांबे साठवणारा विल्सन रोग यांचा शोध घेतात. तांब्याशी महाराष्ट्राचा जुना, दुःखद संबंध आहे. साधारण सहा महिने ते चार वर्षे वयाच्या बालकांचा बळी घेणाऱ्या ‘भारतीय बालयकृतकाठिण्या’चा पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील शीला भावे व आनंद पंडित यांनी ब्रिटनच्या स्टुअर्ट टॅनर यांच्यासह अभ्यास केला आणि कल्हई नसलेल्या पितळेच्या व तांब्याच्या भांड्यांत तापवून ठेवलेल्या वरच्या दुधातून बाळाच्या यकृतात जाणाऱ्या तांब्याकडे १९८३ मध्ये लक्ष वेधले. भांडी बदलली आणि हा रोग पुढे जवळजवळ नाहीसा झाला. बालरोगशास्त्रात इतका साधा उपाय क्वचितच सापडला असेल.

क्षयाची औषधे, अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट किंवा पॅरासिटामॉलची अतिमात्रा यांचा इतिहास वाचन करणाऱ्यास सांगणे आवश्यक असते, तसेच घरगुती व झाडपाल्याची औषधेही लपवू नयेत. नमुना उजेडात पडून राहिल्यास बिलिरुबिन कमी भरते. युरोपातील काही देशांत किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या कुटुंबांना बिलिरुबिन मायक्रोमोलमध्ये मिळते. डेसिलिटरमागे १ मिलिग्रॅम म्हणजे लिटरमागे सुमारे १७ मायक्रोमोल हे ध्यानात घेतल्यास तेथील आणि येथील अहवालांची तुलना करता येते.