मातीचा सात-बारा

आपल्याकडे शेतजमिनीचा व्यवहार निघाला म्हणजे जाणता माणूस प्रथम सात-बाराचा उतारा मागवतो. जमीन कोणाची, क्षेत्र किती, बोजा कोणाचा, पिके कोणती, हे सारे त्या कागदावर असते. परंतु त्या जमिनीच्या पोटात आजवर काय काय गेले, याची नोंद महसुलाच्या दप्तरात होत नाही. ती नोंद माती स्वतःच ठेवते. ती वाचावयाची कशी, हे शिकावयाचे असेल तर कोलकात्याच्या पूर्वेस असलेल्या धापा येथील शेतांकडे पाहावे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेव्हाच्या कलकत्त्याच्या नगरपालिकेने शहराचा केरकचरा टाकण्यासाठी येथे सुमारे एक चौरस मैल दलदलीची जमीन घेतली. 1880 च्या सुमारास भवनाथ सेन नावाच्या गृहस्थांनी ती खंडाने घेऊन कचऱ्यावरच भाजीपाल्याची लागवड आरंभली. कुजलेल्या कचऱ्याचे पट्टे आणि त्यांच्यामध्ये सांडपाण्याच्या लांबट झिली, अशी या शेतांची रचना झाली. पुढे विद्याधरी नदी गाळाने मेली, खारे पाणी येईनासे झाले, तेव्हा 1930 च्या सुमारास शेजारच्या भेऱ्यांतून, म्हणजे उथळ तळ्यांतून, शहराच्या सांडपाण्यावर गोड्या पाण्यातील मासे वाढू लागले. ऊन, शेवाळ आणि सूक्ष्म जंतू यांच्या बळावर घाण पाणी निवळे. शहराने टाकावे आणि शेताने त्याचे अन्न करून परत द्यावे, असा हा व्यवहार होता.

हा व्यवहार बिघडला तो शहराचा कचरा बदलला म्हणून. पूर्वीच्या कचऱ्यात शेण आणि भाज्यांची साले पुष्कळ असत. ती कुजत आणि त्यांचे खत होई. नंतर त्यात रंगांचे डबे, विजेऱ्या, धातूंचा कीस आणि प्लॅस्टिक येऊ लागले. टांगरा, तोप्सिया आणि तिलजला येथील चामड्याच्या कारखान्यांतून क्रोमियमचे क्षार सांडपाण्यात उतरले. हे कारखाने बानतला येथे हलवावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या डिसेंबरात दिला. पण कारखाना हलला तरी मातीत मुरलेला धातू हलत नाही. शिसे, कॅडमियम, क्रोमियम हे कुजत नाहीत, जळत नाहीत. पिढ्यान् पिढ्या मातीच्या कणांना धरून राहतात.

म्हणून अशा जमिनीची परीक्षा मूठभर माती तपासून होत नाही. कोणत्या पट्ट्यावर कोणत्या काळी काय टाकले, पाणी कोणत्या कालव्यातून आले, हे जुन्या कसणाऱ्यांना आधी विचारावे लागते. मग निरनिराळ्या खोलीवरचे नमुने घेऊन, जेथे कचरा कधी पडला नाही अशा जवळच्या मातीशी ते ताडून पाहावे लागतात. पिकाची तपासणीही वेगळी हवी. कारण मातीत धातू आहे एवढ्यावरून तो ताटात किती येतो हे कळत नाही. क्रोमियम बहुधा मातीतच अडकून राहते, कॅडमियम त्या मानाने सहज वर चढते, आणि पालेभाज्या ते फळभाज्यांहून अधिक ओढून घेतात. विहिरीच्या पाण्यालाही विसरून चालत नाही. बंगालमध्ये 1983 साली आर्सेनिकाचे जे रोगी प्रथम आढळले, त्यांचे विष कोणी टाकलेले नव्हते. ते भूगर्भातूनच पाण्यात आले होते.

या परीक्षेत दोन्हीकडून धोका आहे. दोष झाकला तर खाणाऱ्याच्या प्रकृतीवर बेतते. आणि सरसकट सारी भूमी विषारी ठरवली, तर ती बुजवून इमारती उठविण्यास टपलेल्यांचे आयतेच फावते. 1992 साली कलकत्ता उच्च न्यायालयाने या पाणथळीवरील अतिक्रमणाला पायबंद घातला. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने तिचे मोल जगाला पटवून दिले, आणि 2002 साली सुमारे 12,500 हेक्टरांच्या या प्रदेशाला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. हा दर्जा पाणथळीचे रक्षण करतो, पण मातीतील शिसे काढून घेत नाही. त्यासाठी कचरा उगमापाशीच वेगळा केला पाहिजे, आणि कोणत्या पट्ट्यात कोणते पीक घ्यावे हे तपासणीच्या आधारे शेतकऱ्याला सांगितले पाहिजे.

धाप्याच्या शेतकऱ्याने हे धातू विकत आणून आपल्या वाफ्यांत घातले नाहीत. ते शहरानेच त्याच्या बांधावर आणून टाकले. तेव्हा मातीचा हा उतारा निघेल, त्या दिवशी बोजाच्या रकान्यात त्याचे नाव लिहिणे न्यायाचे होणार नाही. तेथे शहराचे नाव लिहावे लागेल, आणि फेडही शहरालाच करावी लागेल.