ओमानच्या पडद्यावरची माणसं

ओमान म्हटलं की आपल्याला मस्कतला नोकरीला गेलेला कुणीतरी आठवतो. तिथली माणसं मात्र फारशी ठाऊक नसतात. सिनेमानं ती भेटली असती. पण ओमानचा पहिला पूर्ण लांबीचा कथापट ‘अल बूम’ आला तो थेट 2006 मध्ये. खालिद अल झदजाली यांचा हा चित्रपट मच्छीमारांच्या गावातला. बूम म्हणजे दोन्ही टोकांना निमुळतं लाकडी गलबत. अशाच गलबतांतून बसऱ्याचा खजूर मलबारला यायचा आणि परतीला लाकूड जायचं.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो चित्रपट ओमानी नाहीच. लेबनॉनच्या हेनी स्रूर यांनी 1971 मध्ये धोफारच्या डोंगरात तो चित्रित केला. 1974 साली तो कान महोत्सवात दाखवला गेला. नावाचा अर्थ, ‘मुक्तीची घटका आली आहे’. तिथं 1965 पासून सुलतानाविरुद्ध बंड पेटलं होतं आणि ब्रिटिश अधिकारी सुलतानाच्या बाजूनं लढत होते. या डोंगरी लोकांची घरची बोली अरबी नव्हे, जिब्बाली. (कवीला अशा गोष्टी आधी ऐकू येतात!)

चित्रपट उघडउघड प्रचारकी आहे, दुसरी बाजू त्यात नाही. पण ज्या देशात 1970 साली जेमतेम तीन शाळा होत्या, तिथल्या मुली त्यात बंदुकीबरोबर अक्षरंही गिरवताना दिसतात.

डिसेंबर 1975 मध्ये सुलतान काबूस यांनी विजय जाहीर केला. पुढं रस्ते आले, शाळा आल्या. त्या मुली हयात असतील तर आज सत्तरीच्या आसपास असतील.